शांत बाळाचे बक्षीस

सन तीसच्या मार्शल लॉच्या एक-दोन वर्षे आधी आमच्या सोलापुरातल्या शहाण्या मंडळींना लोकांना शास्त्र शिकवण्याची हौस आली. शाळेच्या पटांगणात मांडव घालून त्यांनी ‘शास्त्र आणि संसार’ नावाचा सप्ताह भरवला. पाणी उकळून का प्यावे, हे सांगायला एक टेबल होते. तिथे उकळलेले पाणी पाहुण्यांच्या चहासाठी आत जाई आणि ऐकून ऐकून तहानलेले लोक बाहेरच्या हौदावर जात.

शेवटच्या दिवशी निरोगी बालकांची स्पर्धा होती. मी गिरणीच्या कचेरीत हिशेबाला होतो आणि आकड्यांच्या बाबतीत किरकिऱ्या म्हणून बदनाम होतो, तेव्हा वजने घेण्याचे काम माझ्याकडे आले. माझा नातूही स्पर्धेत होता. त्याचे वजन दुसऱ्या कोणी घ्यावे, असे मी सप्ताहाच्या चिटणीसांना सांगितले.

“अहो, तीन परीक्षकांची नातवंडं आहेत स्पर्धेत,” ते म्हणाले. “तुम्ही एकटेच कशाला लाजता?”

नातवाचे बक्षीस मला नको होते, पण माझ्या मुलीला हवे होते. ती बाळंतपणाला आली ती अजून माहेरीच होती. पोर किरकिरे आहे, सुनेला पोसता येत नाही, बाळसे धरल्याशिवाय आणू नका, असा मोहोळहून तिच्या सासूचा निरोप होता. बक्षिसाचा चांदीचा पेला सासूपुढे ठेवला की तोंड बंद होईल, असा मुलीचा सरळ हिशेब होता.

वजनाच्या वेळी निराळाच गोंधळ. वजन वाढावे म्हणून आयांनी मुलांच्या अंगावर घरातली सगळी चांदी चढवली होती. मी करदोडे आणि वाळे उतरवायला सांगितले.

“आन् दृष्ट लागली तर?” एक बाई म्हणाली. “तुमचं पागोटं उतरवा आदी, मग पोराचा करदोडा काढते.”

शेवटी चांदीचे वजन आयांनाच विचारून मी ते वजा करू लागलो. पण आकडा मोठ्याने पुकारायलाही बायांची मनाई, कारण वजन बोलले की उतरते. म्हणून प्रत्येक आकडा मी मुख्य परीक्षक असलेल्या डॉक्टरांच्या कानात सांगितला. शास्त्राचा जाहीर प्रसार असा कुजबुजत चालला होता.

वजन, दात, डोळे यांना गुण होते, ते ठीक. ‘शांत स्वभाव’ यालाही गुण होते. ते कशाने मोजायचे, असे मी विचारले. चिटणीस म्हणाले, “नजरेने.”

त्या नजरेत माझा नातू भरला. घरी भिंत हलवणारा हा मुलगा त्या दिवशी मेणाच्या बाहुलीसारखा पडून होता. बक्षिसे द्यायला आलेल्या साहेबाच्या मडमेने त्याचा गाल ओढला तरी हूं नाही की चूं नाही. पेला त्यालाच मिळाला. मग डॉक्टरांनी त्याला दोन्ही हातांवर उचलून भाषण सुरू केले. गिरणीतल्या बाया पोरांना बाळगोळी देतात, म्हणजे अफू देतात, आणि कामाला जातात, हे किती अडाणीपणाचे आहे!

मागून एक बाई उठली. “हौसेनं देतो व्हय? भोंगा झाल्यावर पोराला कोन बगनार, तुमची मडम?”

“प्रश्न नंतर,” चिटणीस म्हणाले. नंतर आभार होते.

“हे बाळ बघा,” डॉक्टर म्हणाले. “याच्या घरी अफूला कुणी शिवलेलं नाही. म्हणून हे इतकं शांत!”

मांडवभर टाळ्या पडल्या. नातू टाळ्यांनीही जागा झाला नाही. माझ्या बायकोने तेवढी टाळी वाजवली नाही.

मुलगी त्याला पाजायला पडद्यामागे घेऊन गेली आणि लगेच तिची हाक आली. मी धावलो. पोर तोंडच लावत नव्हते.

“आई, काय दिलंस याला?”

“मडमेपुढं रडला असता,” बायको म्हणाली. “बारकीशी गोळी दिली. तुलासुद्धा देत होते की मी. तू मेलीस का?”

मी डॉक्टरांना ओढून आणले. त्यांनी पापणी उघडली. बुबुळातली बाहुली मोहरीएवढी झाली होती. भाषणाचा माणूस तिथल्या तिथे नाहीसा झाला आणि डॉक्टर तेवढा उरला. त्यांनी तळव्यांवर चापट्या मारल्या, तोंडावर गार पाणी मारले, मडमेसाठी केलेली कॉफी बिनदुधाची मागवून थेंब थेंब जिभेवर सोडली. मुलगी नुसती पोराच्या छातीकडे बघत होती. एवढ्यात चिटणीस डोकावले.

“डॉक्टर, जरा हळू. बाहेर आभारप्रदर्शन चाललंय.”

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ खिशात असून मी पाहिले नव्हते. मग नातवाने जे भोकाड पसरले, त्याने बाहेरचे आभार थांबले.

“आता गप्प करा त्याला,” चिटणीस म्हणाले.

“नाही करणार,” मुलगी म्हणाली.

पेला परत घ्या, असे मी म्हटले. पेला परत आला तर भाषण खोटे पडते, असे चिटणीसांचे म्हणणे पडले. मुलीने तो तिथेच तागडीत ठेवला आणि रडते पोर घेऊन ती चालू लागली.

पुढच्या आठवड्यात मुलीच्या सासूबाई आल्या. “बक्षीस मिळालं म्हनं? हे तर लई रडतंय की!”

बायकोने मान खाली घालून सगळे सांगितले. सासूबाईंना धक्का बसेल असे मला वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, “गोळी कुटनं आनता तुमी? आमच्याकडची अशी लागत न्हाई.”

मुलगी म्हणाली, “आत्याबाई, चहा घ्या. पोराला गोळी द्यायची नाही, हे तुमच्या मनात आलं की कळवा. तेव्हा येईन.”

सासूबाई चहा न घेता उठल्या. मुलगी मोहोळला जाण्यासाठी किती झुरत होती ते मला माहीत होते.

बऱ्याच दिवसांनी जावई एकटे आले. “आई कबूल आहे,” ते मुलीला म्हणाले. “पण रात्री रडला तर तू उठायचं.”

“एक दिवस मी उठेन, एक दिवस तुम्ही.”

आतून पोराचे रडणे चालू होते, ते जावयांनी ऐकले. मग चपला घातल्या आणि टांगा आणायला गेले.