दलदलीत पाणी बारमाही आहे का?

“पाणी बारमाही हाय का?” शिवाजीने विचारले.

सुप्रियाने नुकतेच दलदलीचे वर्णन वाचून संपवले होते. दाट धुके. कुजलेली झाडे. काळे, स्थिर पाणी आणि त्यातून वर आलेले मगरीचे डोळे. हे वर्णन मी लिहिले होते. ते ऐकून माणसे घाबरतील, अशी माझी अपेक्षा होती.

“म्हणजे?” सुप्रिया म्हणाली.

“म्हंजे उन्हाळ्यात आटतंय का टिकतंय?”

सुप्रियाने माझ्याकडे पाहिले. “टिकते,” मी म्हणालो.

“मग हितंच ऱ्हावू की,” शिवाजी म्हणाला.

मला बसलेला धक्का समजण्यासाठी आमचे काम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मी पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरी धरणांवर आणि सर्वेक्षणात गेली. निवृत्तीनंतर मी सुप्रियाच्या कंपनीसाठी नकाशे काढतो. कंपनी म्हणजे सोलापुरातील तिच्या वडिलांची जुनी लूमशेड. चादरींचे माग गेले. त्या जागी आता एक लांब टेबल आहे.

ही कंपनी रोलप्लेइंग गेम तयार करते. त्याला पट लागत नाही आणि स्क्रीनही लागत नाही. खेळाडू टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. एक जण गेम मास्टर असतो. समोर काय दिसते ते तो सांगतो आणि खेळाडू आपण काय करतो ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. पात्र मेले की कायमचे मेले. कथा ज्या प्रदेशात घडते त्याला सेटिंग म्हणतात. ते माझ्याकडे असते. “काका, जमीन तुम्ही करा, माणसं मी करते,” असे सुप्रियाने पहिल्याच दिवशी सांगितले होते.

या खेळाचा अखेरचा टप्पा दलदलीचा होता. ती ओलांडल्याशिवाय पलीकडच्या गडावर पोहोचता येत नाही. खेळाचे पुस्तक छापण्यापूर्वी बाहेरच्या माणसांना खेळवून पाहतात. त्याला प्लेटेस्ट म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी दोघे येत. मंगल शहरातील एका दवाखान्यात नर्स आहे. माहेर वैरागजवळ, घरची शेती. शिवाजी लॅब टेक्निशियन आहे. त्याच्या घरी, सांगोल्याकडे, आजही मेंढ्या आहेत. त्याचे पात्र धुळा नावाचा मेंढपाळ होते. सोबत मोत्या नावाचा कुत्रा. पहिल्या मसुद्यापासून तो धुळाच खेळत आला होता. धुळाविषयी तो सख्ख्या भावाविषयी बोलावे तसा बोलत असे.

तर शिवाजीने दलदलीत राहण्याचे ठरवले.

मंगलचे पात्र वैदूचे होते. तिने चिखलाचा रंग विचारला. काळा, असे उत्तर मिळताच ती सरसावून बसली.

“शिवाजी, कांदा लई भारी ईल हितं.”

“कडंनं मेंढरं बसवतो, ताई. खताची सोय झाली.”

सुप्रियाने मगर पुढे आणली. “मगर तुमच्या दिशेने सरकते आहे. काय करता?”

“सरकू दे,” मंगल म्हणाली. “आमच्याकडं बिबट्या फिरतोय. म्हनून कोन शेत सोडून गेलंय का?”

त्यांनी मगरीसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. चर खणून पाणी वळवले. नंतर जमीन वाटून घेतली. त्या वाटणीत बांध कोणाकडे सरकला यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. मगरीने मध्ये पडून पाहिले. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. गडाचा विषय पुन्हा निघालाच नाही.

भर पुरात धरणाचे दरवाजे उघडण्याचे निर्णय मी घेतले आहेत. त्या वेळीही मी इतका सुन्न झालो नव्हतो.

दोघे गेल्यावर सुप्रिया बराच वेळ फासे गोळा करत राहिली.

“पुढच्या शनिवारी प्रकाशक येणार, काका. पुण्याहून. स्वतः खेळायला बसणार म्हणाले.”

“माहीत आहे.”

“नान्नांना शब्द दिलाय. हा गेम छापला नाही तर शेड रिकामी करून द्यायची आणि पुण्याची नोकरी घ्यायची. पुन्हा गेमचं नाव काढायचं नाही.”

घरी ती तेलुगू बोलते. वडिलांना नान्ना म्हणते. दिलेला शब्द ती मोडत नाही, हे मला ठाऊक होते.

“मगरी वाढवू का?” तिने विचारले.

“नको.”

“साप? भुतं?”

“ते भुतालाही वाट्याने जमीन कसायला देतील.”

तिला हसू आले नाही. “मग शनिवारी दुसरे खेळाडू बसवते. कॉलेजची पोरं. ती तरी घाबरतील.”

“खेळाडू बदलायचे नाहीत,” मी म्हणालो. “खेळाडू बरोबर आहेत. नकाशा चुकला आहे.”

घरी जाऊन मी नकाशा पुन्हा पाहिला. त्यातील दलदल मी पूर्वी पाहिलेल्या चित्रांतून उचलली होती. अशी दलदल आमच्या जिल्ह्यात कुठेही नाही. टँकरची वाट पाहत वाढलेल्या माणसांसमोर मी बारा महिने भरलेले पाणी ठेवले होते, आणि त्यांनी भ्यावे अशी इच्छा धरली होती.

मग मला केम गावाकडची एक घटना आठवली. मी तेव्हा जलाशयाच्या सर्वेक्षणावर होतो. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरते आणि तळाची जमीन उघडी पडते. लोक तीत पेरणी करतात. तिला गाळपेर म्हणतात. सपाट, काळी, बिनदगडाची जमीन. पाहणाऱ्याला मोह पडावा अशी. एका नव्या साहेबांना पलीकडे लवकर पोहोचायचे होते. त्यांनी जीप त्या जमिनीवरून घ्यायला सांगितली. काठावरचे लोक ओरडले. साहेबांनी काच वर केली. वरचा थर वाळलेला आणि तडकलेला होता. जीप थोडी पुढे गेली आणि बॉनेटपर्यंत खाली बसली. कसलाही आवाज झाला नाही. साहेब आणि ड्रायव्हर टपावर चढले. लोकांनी फळ्या टाकून, पोटावर सरपटत जाऊन त्यांना काढले. काठावर आल्यावर साहेब एवढेच म्हणाले, “पण भेगा होत्या ना?”

मी नवा नकाशा काढायला बसलो. पाणी काढून टाकले. धुके काढले. मगर काढली.

सुप्रियाने तो कागद उलटा करून पाहिला. “काका, यात काहीच नाही.”

“बरोबर.”

“दलदल कुठे आहे?”

“तुझे बोट आहे तिथे.”

मी तिला थर समजावला. वर कोरडी साय, खाली गाळ. उभा माणूस खचतो. त्याला काढायला धावणारा त्याहून लवकर खचतो. आडवे पडून वजन पसरले, अंगाखाली घोंगडी किंवा फळी घेतली, तर वाचता येते.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. खूण दिल्याशिवाय पात्राला मारायचे नाही. मेल्यावर खेळाडूला वाटले पाहिजे की हे मला दिसायला हवे होते. म्हणून मी तीन खुणा ठेवल्या. पहिली भेगांची. खरी वाळलेली काळी जमीन हात जाईल एवढी फाटते. इथल्या भेगा बोटभरच ठेवल्या. दुसरी ठशांची. जमिनीवर पाखरांच्या पायांचे ठसे होते, जनावराच्या खुराचा एकही नव्हता. तिसरी कुत्र्याची. तो काठावर थांबणार.

“हे त्यांना लगेच ओळखता येईल,” सुप्रिया म्हणाली. “शिवाजी मेंढ्यांमागे वाढलाय. फुकट जातील तीनही खुणा.”

“शनिवारी कळेल,” मी म्हणालो. मलाही खात्री नव्हती.

शनिवारी प्रकाशक आले. त्यांना एका व्यापाऱ्याचे पात्र दिले. त्यांनी नकाशा पाहिला आणि चष्मा वर सरकवला.

“दलदल कुठे आहे?”

“नकाशात आहे,” मी म्हणालो.

“दिसत नाही.”

“दिसू नये.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. मग चहाचा कप हातात घेऊन बसले. मंगलने आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी टेबलाच्या टोकाला होती. सुप्रियाने खेळ सुरू केला.

“समोर सपाट जमीन आहे. काळी, उन्हाने तडकलेली. दगड नाही, झुडूप नाही. वर पाखरांच्या पायांचे ठसे आहेत. पलीकडे गड दिसतो.”

“आरं, रान हाय की ह्ये!” शिवाजी टेबलावर वाकला. “कुनाचं हाय?”

“कोणाचे नाही.”

“कुनाचंच न्हाय?” त्याने मंगलकडे पाहिले. दोघांचे चेहरे उजळले.

मंगलने मात्र एक प्रश्न विचारला. “भेगा केवढ्या हायत्या?”

“बोट जाईल एवढ्या.”

खेळ इथेच संपतो असे मला वाटले.

“पाऊस हून गेला आसंल,” मंगल म्हणाली. “चल, शिवाजी.”

“मोत्या काठावर थांबला आहे,” सुप्रिया म्हणाली. “तो भुंकतो. पुढे येत नाही.”

“तान लागली आसंल त्याला. ईल मागनं.”

प्रकाशकांनी घसा साफ केला. “माझा व्यापारी काठानेच फिरून जाईल. बूट खराब होतील.”

“साहेब, खेळातबी बूट व्हय?” मंगल म्हणाली. सगळे हसले. प्रकाशकही हसले.

धुळा पुढे चालत होता. मध्यावर येताच त्याने जमीन वाटायला घेतली. “गडाच्या अंगाची बाजू माजी. ताई, तुमी ह्या अंगाला घ्या. बांध आत्ताच घालू, मागनं भांडान नको.”

सुप्रियाचा आवाज बदलला नाही. “धुळाचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.”

“म्हंजे?”

“खाली गाळ आहे.”

“काडतो की पाय.” त्याने फासे टाकले. “आला का?”

“डावाही गेला. आता मांड्यांपर्यंत.”

मंगल खुर्चीवरून उठली. “थांब, हलू नगंस, मी आले.”

“पळत?”

“मग काय बसून?”

“वैदू कमरेपर्यंत आत गेली.”

व्यापारी दूर काठावर होता. त्याच्याकडे दोरी नव्हती. धुळाच्या खांद्यावर एक घोंगडी होती, ती पहिल्या मसुद्यापासून होती. शिवाजीला ती आठवली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. घोंगडी अंगाखाली घेऊन आडवे पडायचे, हे त्याला उमगलेले स्पष्ट दिसत होते.

“घोंगडी एकच हाय,” तो म्हणाला.

“एकच आहे,” सुप्रिया म्हणाली.

“ताईकडं फेकतो. ताई, आडवं पडायचं तिच्यावर. हात लांब करा. माज्याकडं बगू नगा.”

हे मी नकाशात ठेवले नव्हते. सुप्रियाने फासे हातात घेतले आणि ती तशीच थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. पात्र मेले की कायमचे मेले, हा नियम तिला माहीत होता. मी होकारार्थी मान हलवली.

वैदू घोंगडीवर आडवी झाली आणि सरपटत काठाला लागली.

“धुळा खाली गेला,” सुप्रिया म्हणाली. “जमीन पुन्हा सपाट झाली. मोत्या भुंकायचा थांबला.”

मंगल उभीच होती. प्रकाशकांच्या हातातील चहावर साय धरली होती. हा शेवट मी स्वतः आखला होता. तरीही माझा हात नकाशावर होता तसाच राहिला. तो उचलावा हे मला सुचले नाही.

“ठसं पाखरांचं हुतं,” शिवाजी हळूच म्हणाला. “मेंढराचं एकबी न्हवतं. एवढं मोकळं रान आन् एक खूर न्हाय. मला इचारायला पायजे हुतं.” मग त्याने माझ्याकडे पाहिले. “साहेब, तुमी आमचंच रान काडलंत की.”



प्रकाशक पुढे वाकले. “माझा व्यापारी अजून काठावर आहे ना? कुत्रा त्याच्याजवळ आहे?”

“आहे,” सुप्रिया म्हणाली.

“मग आता मी काय करू?”

“ते तुम्ही सांगायचं, सर.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग वैदूला आधार दिला, मोत्याला सोबत घेतले आणि काठाकाठाने, प्रत्येक पावलाला जमीन काठीने ठोकत, ते गडाकडे निघाले. फक्त तेवढ्या चालण्यात आमची उरलेली दुपार गेली. गडावर पोहोचल्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, “मोत्याला काही खायला मिळेल का?” आपण परीक्षक म्हणून आलो आहोत हे ते विसरले होते.

शिवाजी मात्र तोवर निघून गेला होता. भाकरीला त्याने हात लावला नाही.

खेळ छापला गेला. शेड सुप्रियाकडे राहिली. प्रकाशकांनी एकच दुरुस्ती सुचवली. मुखपृष्ठावर मगर हवी. मगरीशिवाय दलदल विकली जात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मगर आत कुठेही नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले आणि मुखपृष्ठावर मगर छापली.

पुढच्या प्लेटेस्टला शिवाजी आला. सुप्रियाने धुळाला वाचवण्याची एक तोड काढून ठेवली होती. एखादे मूळ हाताला लागले, असे काहीसे. त्याने ऐकून घेतले नाही.

“मेला त्यो मेला, ताई. असं काडाय लागलं तर मग पाय घालताना कोन भिनार?”

तो आता नवे पात्र खेळतो. कोणतीही जमीन समोर आली की आधी ठसे विचारतो. मंगल भेगा मोजून घेते. पाण्याच्या प्रश्नाने दोघांनीही मला पुन्हा अडवलेले नाही. मला पुढच्या खेळासाठी वाळवंट करायचे आहे आणि ते पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे.

सेटिंग करणाऱ्या नवख्यांना मी एवढेच सांगतो. माणूस काय पाहून खूश होतो ते आधी पाहावे. दलदल तिथे ठेवावी.