सिस्टरबाईंची तिकडची माणसं

आमच्या समोरच्या घरातल्या सिस्टरबाईंशी अर्धा तास बोलून ज्याचं डोकं ठिकाणावर राहिलं, असा माणूस हिंगोली जिल्ह्यात मी तरी पाहिलेला नाही. मी हळदीच्या आडतीवर हिशेब लिहितो. गाडी कुठून आली, कुठं गेली, माल किती आणि घट किती, हे नीट लागल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. अशा माणसाच्या दारासमोर देवानं सिस्टरबाई आणून ठेवल्या, यात त्याचा हेतू काय असावा ते मला अजून उमगलेलं नाही. एकदा त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, "हेतू असंल की भाऊ. पण तुमाला काहून सांगंल तो?"

सिस्टरबाई म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलं नाही, मागंपुढं कुणी नाही. चर्चशी जोडलेल्या एका संस्थेचं काम त्या करतात, आणि ही संस्था परदेशातल्या विधवांना आणि अनाथ लेकरांना मदत करते. इथंच माझा पहिला गोंधळ झाला. मिशनच्या दवाखान्यात बाहेर देशातून औषधं, कपडे, दुधाची पावडर येते हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ही बाई इथून तिकडं पाठवते म्हणजे काय? आपल्याकडे विधवा आणि अनाथ कमी पडले का? हे मी त्यांना स्पष्टच विचारलं. त्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होत्या. (ख्रिस्ती घरात तुळस कशी, हा माझा दुसरा गोंधळ. खोकल्याला लागते म्हणाल्या.) मान वर न करता त्यांनी उत्तर दिलं, "रस्ता एकाच बाजूनं जायासाठी असतो व्हय?"

त्यांच्या बोलण्यात गावाचं नाव कधी येत नाही. येतात ती फक्त माणसं. "मरियमची सासू लई तकलीफ देऊन राहिली," असं त्या पायरीवर बसून सांगत. मरियमचा नवरा ट्रकखाली सापडून गेला तेव्हा ती पोटुशी होती. दिरांनी तिला घरात ठेवून घेतलं, पण स्वयंपाकघर वेगळं करून दिलं. माझी बायको हे ऐकून डोळे पुसायची. मरियमची सुटका झाली, मुलगा झाला, असं कळल्यावर तिनं डिंकाचे लाडू केले, स्टीलच्या डब्यात भरले आणि मला म्हणाली, कळमनुरीच्या बसनं पाठवून द्या. मरियम कळमनुरीची, हे तिनं कधी आणि कशावरून ठरवलं होतं कोण जाणे. मीही तसंच धरून चाललो होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्या भरणारे चाचा आहेत, ते मरियम आपल्या समाजाची आणि वसमतकडची आहे असं समजून तिच्यासाठी दुवा मागत होते. डबा घेऊन मी सिस्टरबाईंकडं गेलो आणि पत्ता मागितला, तेव्हा कळलं की मरियम आर्मेनियात राहते. मी माझ्या मुलाचं शाळेतलं नकाशाचं पुस्तक काढून पाहिलं. सगळा डोंगर आणि बर्फ. सिस्टरबाईंनी एक लाडू फोडून वास घेतला, तिकडं पोचेपर्यंत खवट होतील म्हणाल्या, आणि डबा घेऊन सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींना वाटून आल्या. बायकोला मात्र सांगितलं, "मरियमला पोचले समजा." बायकोला ते पटलं. मला कसं पटावं?

त्यांच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक इकडचं, एक तिकडचं. दुपारी आपण बोलायला लागलो की त्या तिकडच्या घड्याळाकडं पाहून म्हणणार, हळू बोला, लेकरं आत्ता जेवायला बसली असतील. मी जात्याच शंकेखोर, म्हणून तीन आठवडे लक्ष ठेवलं. ते घड्याळ जुनं होतं आणि रोज थोडंथोडं मागं पडत होतं. दसऱ्याला तिकडं सकाळ असायची त्याच वेळेला दिवाळीत तिकडं मध्यरात्र व्हायला लागली. मी हे नम्रपणे दाखवून दिलं. सिस्टरबाईंनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या की थंडीत तिकडं दिवस लहान असतो. चहा दिला की त्या आधी डोळे मिटून प्रार्थना करतात. तिकडच्या एकेका लेकराचं नाव घेतात, मग चाचांचा गुडघा येतो, मग माझ्या आडतीवरच्या मालकाचा रक्तदाब. शेवटी "आमेन" येतं तेव्हा चहावर साय धरलेली असते. थंड चहा प्यायला मी तिथंच शिकलो.

पैसे मात्र त्या घेत नाहीत. कुणी देऊ केले तर चर्चच्या पेटीकडं बोट दाखवतात. त्यांना हवं असतं जुनं लुगडं, जुनं धोतर. आधी कापड गालावर घासून पाहतात. माझा एक शर्ट त्यांनी दोरीवरूनच नेला. तो जुना नव्हता. मी तसं म्हणालो तर म्हणाल्या, अंगात घातल्यावर तुमी लई जुने दिसता. हे सगळं कापड चाचांच्या टेम्पोतून कुरुंद्याला जायचं. तिथं गयाबाई नावाची विधवा आणि तिच्या ओळखीच्या चारदोन बायका गोधड्या शिवायच्या, आणि त्या गोधड्या संस्थेच्या मुंबईच्या ऑफिसातून आर्मेनियाला जायच्या. मी एकदा हिशेबी माणूस म्हणून बोललो की एवढ्या लांब जुनेर पाठवण्यात काय अर्थ, तिकडं बाजारात ब्लँकेटं मिळत असतील. सिस्टरबाई म्हणाल्या, "मिळतात की. पण ती कुणी कुणासाठी शिवलेली नसतात." मग त्यांनी सांगितलं की त्या स्वतः मिशनच्या अनाथ मुलींच्या हॉस्टेलात वाढल्या. बाहेर देशातून आलेलं एक लोकरीचं ब्लँकेट त्यांच्या वाट्याला आलं होतं. ते विणणारी बाई कोण, कुठली, तिला लेकरं होती का, हे लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या त्या ठरवत राहायच्या. इतकं सांगून त्यांनी विषय बदलला आणि चाचांच्या गुडघ्यावर आल्या.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तिकडं बर्फ पडायच्या आत पोचायला हव्यात म्हणून गोधड्यांचा गठ्ठा घाईनं मुंबईला गेला, आणि थोड्याच दिवसांत तसाच परत आला. दोन-तीन गोधड्यांचे कोपरे उसवलेले होते, त्यांतून मुंग्या निघत होत्या. पाठोपाठ मुंबईच्या ऑफिसातल्या एका तरुणाचा फोन आला. सिस्टरबाईंनी तो माझ्या हातात दिला. तो मुलगा बिचारा हिंदीत विचारत होता की गोधडीत भाकरी का आहे. मी म्हणालो, भाकरी नसणार. तो म्हणाला, प्रत्येक गोधडीत आहे, एका कोपऱ्यात, शिवून टाकलेली; आजवर कुणी पाहिलं नव्हतं, यंदा मुंग्या निघाल्या म्हणून दोन-तीन उसवून पाहिल्या आणि बाकीच्या चाचपल्या. अन्न असलेला माल बाहेर देशात उतरवून घेत नाहीत. भाकरी काढून पाठवा, नाहीतर यंदा तुमच्याकडच्या गोधड्या जाणार नाहीत आणि पुढंही घेता येणार नाहीत. मी सिस्टरबाईंकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं सारखेच गोंधळलेलो होतो.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या टेम्पोत गठ्ठा टाकून आम्ही कुरुंद्याला गेलो. गयाबाई ओट्यावर बसली होती, मांडीवर अर्धी झालेली गोधडी. सिस्टरबाईंनी तिला नर्सच्या आवाजात झापलं. मुंग्या, बुरशी, रोगराई, लेकरांच्या अंगाला येणारी खाज, सगळं ऐकवलं. गयाबाईनं सुई थांबवली नाही.

"भाकर तर घालावीच लागती," ती म्हणाली. "शेवटचा कोपरा मिटायच्या आधी घास घालायचा. गोधडी उपाशी ठिवली तर तिच्यात निजणाऱ्याला झोप लागत न्हाई. माझ्या मायनं घातला, तिच्या मायनं घातला."

"तिकडं चालत न्हाई गया. घास काढून टाक आन् कोपरे मिटव."

"मी न्हाई काढायची. लेकराच्या अंगावर उपाशी गोधडी टाकू व्हय? आदीच बिनबापाची हायेत ती." मग तिनं वर पाहिलं. "सिस्टर, तुमाला कसं ठावं न्हाई हे? तुमी कदी आईच्या गोधडीत निजला न्हाई का?"

चाचा टेम्पोची ताडपत्री उगीचच घट्ट बांधायला लागले. मी जमिनीकडं पाहिलं. सिस्टरबाई गयाबाईच्या शेजारी ओट्यावर टेकल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "न्हाई."

गयाबाईनं मांडीवरची गोधडी बाजूला केली. पदरानं तोंड पुसलं. मला जे आधीपासून ठाऊक होतं ते तिला त्या एका शब्दात कळलं. आणि मग ती काही समजूत काढायच्या भानगडीत पडली नाही, कामाचंच बोलली. म्हणाली, कोपरा उघडा ठेवते. घास काढते, पण कोपरा मिटत नाही, दोरा लांब सोडून ठेवते. तिथली जी माय असेल, नाहीतर जी कुणी लेकरांना रांधून घालत असेल, ती तिच्या भाकरीचा घास घालील आणि दोन टाके मारून मिटवील. चाचा लांबूनच म्हणाले, "एकदम बराबर हाय ना सिस्टर. रोटी उनकी, टाका उनका." त्या दुपारी गयाबाईनं घास काढले आणि सिस्टरबाईंनी एकेका कोपऱ्यातून झटकून मुंग्या काढल्या, दवाखान्यात जखम साफ करावी तशा.

पण तिकडच्या बाईला हे कळणार कसं? ते काम माझ्यावर आलं. प्रत्येक गोधडीला एक कापडी चिठ्ठी शिवायची आणि तिच्यावर इंग्रजीत लिहायचं. सिस्टरबाईंनी मजकूर सांगितला: "वापरण्याआधी गोधडीला जेवू घालावं." मी म्हणालो, असं लिहिलं तर तिकडचे लोक आपल्याला वेडं समजतील. मी सविस्तर लिहिलं, उघडा कोपरा, आपल्या घरच्या भाकरीचा छोटा तुकडा, दोन टाके, सगळं क्रमानं. सिस्टरबाईंनी ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि म्हणाल्या, हे तर औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं झालं. शेवटी दोन्ही लिहिलं. आठवड्यानं मुंबईच्या मुलाचा फोन आला. अन्न नाही ना, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. नाही म्हणालो. मग चाचरत त्यानं विचारलं की चिठ्ठीवर जेवण लिहिलंय ते काय आहे. मी समजावून सांगितलं. माझी आजीही असा घास घालायची, आत्ता आठवलं, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. गोधड्या गेल्या.

पोचल्याची बातमी लवकर आली नाही. सिस्टरबाई रोज तिकडच्या घड्याळाखाली बसून बर्फ सुरू झाला असेल म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ऑपरेशनला वेळ नाही म्हणून त्या ते पुढं ढकलत होत्या. वेळ कशात जातो, असं मी विचारलं तर वाट पाहण्यात म्हणाल्या. संक्रांत होऊन गेली. मग एके दिवशी दुपारी माझ्या फोनवर मुंबईहून एक फोटो आला. लोखंडी पलंगावर एक लहान मूल झोपलेलं, अंगावर हिरव्या काठाची गोधडी, कानापर्यंत ओढलेली. खिडकीबाहेर सगळं पांढरं. खाली नाव नाही, गाव नाही. मी तसाच उठून समोर गेलो.

मी त्यांना चित्र सांगितलं. हा मरियमचा मुलगा का, असं मीच विचारलं, कारण मला कुठंतरी नोंद करायची होती. "असंल," त्या म्हणाल्या. "नसला तर आपला." मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, "कोपरा मिटलाय का ते बघा."

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. तीन कोपरे दिसतच नव्हते. चौथा त्या पोरानं हनुवटीपाशी मुठीत धरला होता. जे दिसतं तेच मी सांगतो, म्हणून तसंच सांगितलं. एक कोपरा मुठीत आहे, तो मिटलाय की नाही ते दिसत नाही, आणि उघडा ठेवलेला कोपरा तोच का, हेही सांगता येत नाही.

मला वाटलं आता त्या माझ्यावर चिडणार. त्यांनी विचारलं, "मूठ घट्ट हाय का ढिली?"

मी पुन्हा पाहिलं. बोटं सैल पडलेली होती. कापड नुसतं त्यांच्यात अडकलं होतं.

"ढिली," मी म्हणालो.

"मग झालं. पोट भरलेलं हाय त्याचं. उपाशी लेकराची मूठ झोपेतबी सुटत न्हाई भाऊ. आमी हॉस्टेलात..." एवढं बोलून त्यांनी फोनकडं तोंड केलं. स्क्रीन विझत होती, मी अंगठा लावून ती पुन्हा पेटवत होतो. त्यांना त्यातलं किती दिसत होतं मला माहीत नाही, आणि त्या दिवशी मी विचारलंही नाही.