आखूड बाह्यांचा रेनकोट

आमच्या घरात मापाचा कपडा कधी आलाच नाही. बाबांचा नियमच होता, वाढत्या अंगाचा घ्यायचा. माझी उंची वाढायची कधीच थांबली, मी नोकरीलाही लागले, तरी दुकानात गेलं की "सैलच दाखवा, पुढच्या वर्षीही होईल" हे ठरलेलं.

म्हणून तर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या मे महिन्यात, डोंबिवलीतल्या एका दुकानात मी चिडले. बाबा वर्षानुवर्षं ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्ट-पँटवर सायकल हाणत मानपाड्याच्या कारखान्यात जायचे. त्या वर्षी आजारपणामुळे हिवाळ्यापासून घरीच होते, पार वाळले होते. एके दिवशी म्हणाले, "चल, सायकलसाठी रेनकोट बघू." मी हुरळलेच. रेनकोट घेतोय म्हणजे माणूस बरा होतोय, दुसरा काय अर्थ?

दुकानदाराने घोळदार केप काढली. "हँडलपर्यंत सगळं झाकतं, साहेब."

"आणि वाऱ्यात तिचं शीड होतं," बाबा म्हणाले. पँटवाला सेटही त्यांनी बाजूला सारला. "वरून पावसाने भिजायचं की आतून घामाने, एवढंच काय ते आपल्या हातात!"

शेवटी एक निळा कोट चढवून ते स्टुलावर बसले आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे केले. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर गेल्या.

"बाबा, आखूड होतोय! मोठा घ्या की."

"होऊ दे गं. हाच घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलची सीटही खाली करून घेतली. अशक्तपणामुळे असेल, असं मला वाटलं. आईपाशी मी कुरकुरले, "बाबांना आता मापही कळेनासं झालंय."

मृग लागायच्या आत बाबा गेले.

आषाढात एका सकाळी धो धो पावसात रिक्षाच मिळेना. माझंही ऑफिस मानपाड्यालाच. नाइलाजाने पंजाबी ड्रेसवर तो कोट चढवला, जिन्याखालची सायकल काढली, सीटवर बसून हँडल धरलं. बाह्या बरोब्बर मनगटाशी आल्या. ओढणी आत नीट मावली. दोन्ही पाय जमिनीला टेकले.

जन्मात पहिल्यांदा बाबांनी मला अगदी मापाचं काही घेतलं होतं.

मी तिथेच, जिन्याखाली, ओक्साबोक्शी रडले. मला नको होतं मापाचं. मला सैल हवं होतं, आणि पुढच्या वर्षीही होईल म्हणणारे बाबा हवे होते.