रजिस्टरमध्ये कदम नव्हते

बारा वर्षांपैकी नऊ वर्षांसमोर शून्य. मी यादी पुन्हा वरून खाली पाहिली. कदमांचं नाव बरोबर, एम्प्लॉयी नंबर बरोबर, शून्यंही बरोबर. मला एसीत घाम फुटला, कारण नियम मीच लिहिला होता.

कुवेतमधल्या एका केमिकल प्लांटमध्ये मी एचआरला आहे. आमच्या फायर टीममध्ये निम्मे लोक व्हॉलंटियर. एरवी ऑपरेटर नाहीतर टेक्निशियन. सायरन वाजला की हातातलं काम टाकून धावणारे. आम्हा परदेशी लोकांना इथे सरकारी पेन्शन नाही. म्हणून कंपनीने या व्हॉलंटियरांसाठी वेगळा रिटायरमेंट फंड काढला. फंडिंग म्हणजे पुढे द्यायचे पैसे आजच बाजूला टाकायचे. त्यासाठी कोणाची किती वर्षं धरायची, ते आधी ठरावं लागतं. मी ठरवलं, सायरनला आल्याच्या सहा सह्या वर्षात गेटवरच्या रजिस्टरमध्ये असल्या की ते वर्ष धरायचं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

कदम चिपळूणचे, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. रिटायर होऊन पुढच्या आठवड्यात कायमचे गावी चालले होते. यादी गुरुवारी दुपारी फंड सांभाळणाऱ्या विमा कंपनीकडे जाणार, नंतर बदल नाही. बुधवारी सकाळी मी त्यांना बोलावलं.

“कदम, तुम्ही सही का करत नव्हता?”

“मॅडम, रजिस्टर गेटवर. आग आत. सायरन झाल्यावर पेन कोण शोधत बसतो?”

“आणि परत आल्यावर?”

“तोवर क्लार्क रजिस्टर बंद करून गेलेला असायचा.”

माझे मॅनेजर इजिप्तचे. ते म्हणाले, “सही नाही, तर वर्ष नाही. उद्या कोणीही सांगेल, मी धावलो होतो. ऑडिटला काय दाखवू?”

त्यांचं चूक नव्हतं, हीच पंचाईत होती. माणूस डोळ्यांसमोर, आणि कागद नाही.

मग मला सिलिंडर रूम आठवली. आगीत शिरणारा पाठीवर हवेचा सिलिंडर नेतो. तो परत भरून देणारा माणूस वहीत नेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहितो. तिथे केरळचा जोसेफ होता. तो म्हणाला, “कदम? उसका नाम तो हर पन्ने पे है.”

पण दोन वर्षांच्या वह्या एसीच्या पाण्यात भिजून फेकल्या गेल्या होत्या. उरलेली सात वर्षं मी आणि जोसेफने दिवसभर बसून वह्यांतून शोधून काढली. गुरुवारी साडेअकराला मॅनेजरांनी पान न् पान तपासलं आणि यादीवर सही केली. 

त्या वह्यांत आणखी एक गोष्ट दिसली. टीममधल्या ज्या सुपरवायझरची गेटवरच्या सह्यांनी बाराही वर्षं भरली होती, त्याचं नाव एकाही पानावर नव्हतं. मी मॅनेजरांना दाखवलं.

“नियमात बसतो ना?” त्यांनी विचारलं.

“बसतो.”

त्याची बारा वर्षं धरली गेली, कदमांची दहा. आता कुठलाही नियम लिहायच्या आधी मी गेटच्या आत जाऊन येते.