रविवारचं पातं

कागदाची कड वाकडी गेली म्हणून ज्याला घास गिळवत नाही असा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात एकच असेल, आणि नेमका तोच माझा घरमालक निघावा हे माझं नशीब! सणसवाडीला आप्पांच्या माडीवरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिले. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, माझं सगळं घर दौंडला. खाली आप्पा एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न करून कॅनडाला गेलेली. त्यांचा जन्म गेला कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं आणि साचे तपासण्यात, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी एक तर पास, नाही तर रिजेक्ट. मी पहिल्यांदा प्रेमानं भाकरी नेऊन दिली, तर ती भिंगाखाली धरून म्हणतात कसे, "चव पास हाय बाई, कड रिजेक्ट." त्याच दिवशी खोली सोडणार होते मी, खरं सांगते. गावातले एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले, तर तिच्यावर बोट फिरवून यांनी ती परत केली. "छापखान्याचं पातं बोथट हाय. कड कुरतडल्यागत झालीया." बिचारा नवरदेवाचा बाप म्हणाला, "आप्पा, लग्नाला या म्हणाय आलोय मी, पत्रिका तपासून घ्याय न्हाई!"

मुलीनं लग्नाआधी भेटकार्डं करायला एक छोटं कटिंग मशीन घेतलं होतं. परदेशी जाताना ते इथंच राहिलं, चादरीखाली. निवृत्त झाल्यावर आप्पांनी एक दिवस चादर काढली, आणि मग काय विचारता! जाड कार्डशीट कापणं हीच त्यांची पूजाअर्चा होऊन बसली. दमट कार्डाचे कापताना तंतू निघतात म्हणून पावसाळाभर कार्डं गादीखाली, आणि ती चुरगळतील म्हणून आप्पा खाली सतरंजीवर. चिकट मॅटवर कार्ड नीट बसावं म्हणून ते लाटण्यानं दाबायचे. लाटणं माझं, ते मला आजतागायत परत मिळालेलं नाही. पात्याचं टोक फॉइलच्या गोळ्यात टोचून टोचून साफ करायचे. एका दमात खोल कापायचं नाही, हलक्या हातानं दोनदा फिरवायचं. आणि कापून झालं की कार्ड उचकटायचं नाही, मॅट पालथी घालून ती मॅटच हळूहळू वाकवत सोडवायची. "वढून काढली का कुठलीबी वस्तू वाकडी व्हती, बाई." शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांनी मंचावर लावायला चिमण्या कापून दिल्या. एकेकीची चोच तांदळाच्या कणीएवढी, पण धार अशी की बोट लावायला भीती वाटावी. पाहुणे येऊन खुर्चीत बसले तरी आप्पा शिडीवरच, एका चिमणीची शेपटी बघत. मुख्याध्यापक खालून हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्या घरमालकांना आधी उतरवा."

असा हा माणूस! म्हणून एका रविवारी दुपारी मी वाटीभर शेंगोळ्या घेऊन खाली गेले तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मॅटवर एक चिमणी, पण शेपटी फाटलेली, चोच लोंबतेय, कडेला सगळा भुसा. शेजारी प्लास्टिकची डबी, तिच्यावर पट्टी चिकटवलेली, 'रविवार'. आत एक जुनं, बोथट पातं.

"अहो आप्पा, हे काय केलंत?"

चोरी पकडल्यासारखे ते गोरेमोरे झाले. मग चिमणीचा फोटो काढत हळूच म्हणाले, "चांगल्या कटावर बोलाय काय असतंय, बाई? पोरगी 'छान, बाबा' म्हणती आन् ठिवती. फाटलं का मातूर अर्धा तास बोलती. पातं बदला, कापायची खोली कमी करा, मॅट धुवा... समदं सांगती. तिनंच फोनवरनं शिकवलं ना मला मशीन. आईगत वरडतीबी."

संध्याकाळी सातला तिकडून फोन यायचा. त्यानंतर दर रविवारी जिना उतरताना मला आप्पांचा आवाज ऐकू यायचा, "व्हय का? पातं उलटं बसलं आसंल म्हंतीस?" टूलरूममध्ये जन्म घालवलेला माणूस! मला हसू यायचं, आणि पाय न वाजवता मी परत वर जायचे.

आणि मग मी माती खाल्ली. मुलीचा फोन एक दिवस मलाच आला. आवाज रडवेला. "मॅडम, बाबांचा हात थरथरतो का? की विसरायला लागलेत? एकच गोष्ट मी दर आठवड्याला सांगतेय. त्यांना कुठं आश्रमात ठेवावं का, असं वाटायला लागलंय मला." आश्रमाचं नाव निघालं आणि माझा धीर सुटला. आप्पांचं गुपित मी सांगितलं नाही, पण स्नेहसंमेलनातल्या चिमण्यांचे फोटो धडाधड पाठवले. लिहिलं, 'तुमच्या वडिलांइतका साफ हात पंचक्रोशीत नाही.' करायला गेले गणपती आणि झाला मारुती! त्या रविवारी फोन दोन मिनिटांत संपला. "काय सुंदर कापलंय, बाबा! मी उगाच काळजी करत होते." बिचारीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिची नोकरी, तिचं तान्हं मूल, तिला तरी कसा दोष द्यायचा?

आप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. "फोटो झ्याक आल्यात," एवढंच म्हणाले. 'रविवार'ची डबी दिसेनाशी झाली. मशीनवर पुन्हा चादर आली. मला भाकरी गोड लागेना.

पुढच्या रविवारी मी शाळेतल्या कात्रीनं एक कार्ड कापलं. जमेल तितकं वाईट. पावणेसातला खाली गेले. आप्पा टेबलाशी बसले होते, समोर फोन. "आप्पा, माझं कार्ड बघा ना, कड फाटतेय. काय चुकतंय?"

त्यांनी भिंग काढलं. कार्ड दिव्याखाली धरलं, सगळ्या कडेवरून अंगठा फिरवला. सात वाजले, फोन गप्पच.

"हे फाटलं न्हाई बाई," ते म्हणाले, "फाडलंय."

मी मान खाली घातली. आप्पांनी भिंग पुसून ठेवलं, उठून मशीनवरची चादर काढली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा. आन् पुढल्या रविवारी जाड कार्ड आना. ह्या पातळ कार्डात सांगण्याजोगं काय नसतंय."