शक्यतो लेखी

"बंदच हाय समजा," भुजंग फोनवर म्हणाला.

मी हळदीच्या शेतात पोलखाली उभा होतो. वर अकरा हजार व्होल्टची तार. तिचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जळाला होता. वर चढून तो हातानं बसवायचा. भुजंग आमच्या सबस्टेशनचा ऑपरेटर. लाईन चालू-बंद करणं त्याच्या हातात, आणि माझा जीव त्याच्या शब्दावर.

"समजा म्हणजे? परमिट नंबर दे."

'लाईन बंद केली, लाईनमनचं काम होईपर्यंत चालू करणार नाही' अशी नोंद ऑपरेटर रजिस्टरात करतो आणि तिचा नंबर देतो. ते परमिट. त्याशिवाय पोलला हात लावू नये, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. नोकरीत मात्र नंबर मागणं म्हणजे जेवायला बसून पाहुण्यानं अन्न ताजं आहे का विचारणं. यजमानाचं तोंड उतरतं.

"नंबर काय मागून राहिला भाऊ? सांगून राहिलो ना!" म्हणत भुजंगनं फोन ठेवला आणि आमच्या इंजिनियर साहेबांकडे तक्रार केली.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "काय मामा, आमच्यावर भरोसा न्हाई का?"

"भरोसा बक्कळ हाय साहेब. नंबर न्हाई."

"हळदीला पाणी न्हाई, लोकं बोंबलून राहिले. करून टाका, पाहून घेऊ."

कोण पाहणार आणि काय पाहणार, हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

शेताचे मालक नामदेवराव बांधावर उभे होते. "साहेब म्हनून राहिले तर चढा की मामा, काहून भेता?"

भीत होतो म्हणूनच तीस वर्षं टिकलो होतो. मी डिस्चार्ज रॉड काढला. लांब काठी, टोकाला हूक, हुकाची तार जमिनीत रोवलेली. वर करंट असेल तर तो माझ्यातून न जाता जमिनीत जातो. खालूनच हूक तारेला लावला.

फाडकन आवाज झाला. निळा जाळ निघाला आणि लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. नामदेवराव हळदीतून पळत सुटले. मी तिथंच बसलो. आधी राग आला, मग रडू आलं. बायकोनं दिलेला डबा गाडीला अडकवलेला होता. तो खायला मी उरलो नसतो.

चौकशी झाली. भुजंगनं लाईन खरंच बंद केली होती. पण तक्रार ऐकून साहेब त्याला म्हणाले होते, "जरा बघून घे." त्याला वाटलं, मामा काही चढत नाही, तर बाकीच्या गावांना तरी लाईन द्यावी. दिली.

"मी चालू कर म्हणलो का?" साहेब ओरडले.

"मंग साहेब, बघायचं काय होतं?"

दोघंही बराबर ठरले. आठ दिवसांनी नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं: 'यापुढे शक्यतो लेखी परमिट घेऊनच पोलवर चढावे.'

"साहेब, शक्यतो म्हणजे कधी?"

"मामा, समजून घ्या ना!"

मी खिशातला पेन काढला आणि 'शक्यतो' खोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. सरकारी कागदावर खाडाखोड का केली, याचा खुलासा दोन दिवसांत द्या. तोंडी चालणार नाही, लेखीच पाहिजे.