सोनेरी काठाचा कप

आमच्या दुकानात पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त होतात. मोटारी माझ्याकडे, पंखे आणि मिक्सर माझ्या भागीदाराकडे, आणि गिऱ्हाइकांशी भांडणं दोघांत मिळून. भागीदाराला अख्खी गल्ली फ्यूज म्हणते. कोणी जळका मिक्सर समोर आपटून ‘काही झालं नाही हो, नुसता चालत नाही’ म्हणालं, की हा उडालाच.

फ्यूजला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं झाली. कसा झाला ते मला विचारू नका. मी त्याला विचारलेलं नाही आणि तुम्हालाही त्याची गरज नाही. रोज एक गोळी घेतो, तपासण्या वेळेवर करतो, आणि पोट असं सुटलंय की तो पंखा काढायला स्टुलावर चढला की मला स्टुलाची काळजी वाटते. आजाराचा त्याला आता फारसा त्रास नाही. त्रास आहे तो एका कपाचा.

तो कप त्याच्या ताईच्या घरी असतो. ही ताई म्हणजे साधी बाई नव्हे. फ्यूज पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा बाकीचे नातेवाईक फोनवरूनच हळहळत होते. ताई हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून राहिली. त्याला भरवलं, त्याचं अंग पुसलं, त्याची घाण काढली. कपबशीने हा आजार पसरत नाही, हे मला समजावून सांगितलं तेही तिनेच. डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला पाठ होतं.

पण फ्यूज रविवारी तिच्याकडे जेवायला जातो तेव्हा चहा येतो तो असा: घरच्यांना स्टीलच्या पेल्यांत, आणि फ्यूजला सोनेरी काठाच्या चिनी मातीच्या कपात. वरच्या फळीवरून काढलेला. ‘छोट्याचा मानाचा कप आहे, कुणी हात लावायचा नाही हं,’ असं पोराबाळांना बजावलेलं. मग तो वेगळा धुवायचा, वेगळ्या फडक्याने पुसायचा, पुन्हा फळीवर. अंग पुसताना जिला भीती वाटली नाही तिला कपाची का वाटावी, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. आणि तक्रार तरी काय करायची? मान दिला म्हणून कोणी भांडतं का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“सरळ सांग ना तिला,” मी म्हणायचो.

“काय सांगू? जिने मला उभं केलं तिला सांगू, की तू मला बाजूला ठेवतेस? जीभ रेटत नाही रे. तिचं तिला दिसलं पाहिजे.”

आणि मग तो सिनेमा आला.

म्हणजे एक टोपीवाला पोरगेला दिग्दर्शक आला. कुणी निर्माता नाही, कंपनी नाही. मित्र गोळा करून, उसने कॅमेरे आणून सिनेमा करत होता. एचआयव्ही घेऊन जगणाऱ्या माणसाची गोष्ट, पण हसवत हसवत सांगायची. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी त्याला फ्यूजचं नाव सुचवलं होतं. फ्यूज आधी गुरगुरला. मग अचानक त्याचा चेहरा उजळला.

“यात तो कप घालतो,” टोपीवाला गेल्यावर तो मला म्हणाला. “ताईला दाखवतो सिनेमा. मला एक अक्षर बोलावं लागणार नाही.”

चित्रीकरण एका रिकाम्या फ्लॅटमध्ये होतं. तिथला पंखा आवाज करायचा आणि तो रेकॉर्डिंगमध्ये यायचा. पंखे खरं तर फ्यूजचं खातं, पण तो सिनेमात गुंतलेला, म्हणून मलाही बोलावलं. त्यामुळे पुढची सगळी शोभा मी डोळ्यांनी पाहिली.

हिरो व्यायामशाळेतून थेट आलेला. त्याच्या डोळ्यांखाली काळं फासलं होतं आणि तो सारखा खोकत होता.

“हा खोकतो कशाला?” फ्यूजने विचारलं.

“आजारी आहे ना तो, काका.”

“मग मी काय आहे?”

टोपीवाल्याने फ्यूजच्या पोटाकडे पाहिलं. “तुमच्याकडे बघून प्रेक्षकांचा विश्वास नाही बसणार हो.”

“मग काय, गळ्यात पाटी अडकवून फिरू?”

शेवटी त्यांनी फ्यूजला काम दिलं ते शेजाऱ्याचं. निरोगी शेजारी. तो हिरोच्या घरी येतो, चहा पुढे आला की दोन बोटांनी पेला मागे सारतो आणि म्हणतो, “नको नको, माझा आत्ताच झालाय.” फ्यूजने ते पहिल्याच फटक्यात असं केलं की कॅमेरावालासुद्धा फिस्सकन हसला. कुठे शिकलात, असं टोपीवाल्याने विचारलं तर म्हणाला, “घरोघरी.”

मग कपाचा प्रसंग आला. सिनेमातली बहीण हिरोला वेगळ्या कपात चहा देते. टोपीवाल्याने त्यासाठी आणला होता पिवळा, प्लास्टिकचा, कड चावलेला कप.

“हा नाही,” फ्यूज म्हणाला. “सोनेरी काठाचा पाहिजे. घरातला सगळ्यांत चांगला.”

“काका, तसा दाखवला तर लोकांना वाटेल ती लाड करतेय त्याचे.”

“अरे तेच तर! तिलाही तेच वाटतं!”

“पण लोकांना कळायला हवं ना. प्लास्टिक बघितलं की पटकन कळतं.”

“पटकन कळणाऱ्या गोष्टीसाठी मी कशाला मरायला आलोय इथे?”

वाद चांगलाच पेटला. मी पंखा सोडून मध्ये पडलो, तर दोघंही माझ्यावर घसरले. शेवटी फ्यूज शेजाऱ्याचा सदरा तसाच अंगात घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, कारण शेजारी अर्धाच झाला होता आणि स्वभावाने तो अर्धवट काम सोडणारा नाही. “दुधाची तहान ताकावर,” एवढंच पुटपुटला. “बघू. काहीतरी लागेल तिला.”

सिनेमा एका छोट्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडून दाखवला. ताई नवी साडी नेसून दाजींबरोबर पहिल्या रांगेत बसली. आम्ही दोघं तिच्या मागेच. प्लास्टिकचा कप पडद्यावर आला आणि ताईने पदर डोळ्यांना लावला.

“कसली ही बहीण!” ती दाजींना म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. “सख्ख्या भावाला असला कप?”

फ्यूजने माझा गुडघा इतका दाबला की मी कळवळलो. पुढे शेजाऱ्याने चहा मागे सारला तेव्हा सगळा हॉल हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने ताई.

नंतर ती आम्हाला घरीच घेऊन गेली. चहा आला. आम्हाला पेले, आणि त्याच्यासमोर तो कप.

“आज तर आमचा नट!” ताई म्हणाली. “आज मानाच्या कपाशिवाय चालायचंच नाही.”

मला वाटलं, आता हा उडतो. पण त्याने कप उचलला, एक घोट घेतला, आणि उठून तिच्यापुढे धरला.

“ताई, आज हा मान तुझा. मला उभं केलंस तू. लहानपणी माझ्या अर्ध्या कपावर डोळा असायचा ना तुझा? घे.”

“अरे, नको नको, माझा आत्ताच…”

ती थांबली. तिचा पेला तिच्यासमोर भरलेला होता, त्यातून वाफ येत होती. ज्या वाक्यावर ती तासाभरापूर्वी पोट धरून हसली होती ते तिचं तिलाच ऐकू आलं. दाजी छताकडे बघायला लागले. फ्यूजचा हात खाली आला नाही.

ताईचे डोळे भरून आले. तिने कप दोन्ही हातांनी घेतला, डोळे गच्च मिटले आणि कडू औषध घ्यावं तसा सगळा चहा एका दमात संपवला.

“झालं समाधान?” तिने हसायचा प्रयत्न केला आणि कप घेऊन आत गेली.

फ्यूज मटकन बसला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्याने मला कोपराने ढोसलं, काहीतरी बोलणार तेवढ्यात आत नळ सुटला. मग चूळ भरल्याचा आवाज आला. मग दुसरी चूळ. मग खळखळून तिसरी. दाजींनी घाईघाईने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला, तरी ते ऐकू येतच होतं.

मला ताईचा संताप आला, आणि तिची कीवही आली. तो घोट तिने मनापासून घेतला होता आणि ती चूळही मनापासूनच भरत होती. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं, याचाच मला जास्त राग आला.

फ्यूज आतल्या दाराकडे बघत होता.

“प्यायली ना रे ती?” त्याने मला हळूच विचारलं.

“प्यायली.”

“सगळा?”

“सगळा,” मी म्हणालो. आत नळ अजून चालूच होता.